फोटोतला माणूस ओळखू येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पेपरात पहिल्या पानावर कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेचा फोटो आला होता. तीन कॉलमी, रंगीत. मागे कापसानं भरलेल्या गाड्यांची ओळ, वर लखलखीत आभाळ आणि पुढं बंडीच्या जुवाला टेकून उभा असलेला एक म्हातारा. खाली ओळ होती, 'कापूस विक्रीसाठी ताटकळलेला शेतकरी'. तो शेतकरी आमच्या गावचा. माझ्या दुकानापासून चार घरं सोडून त्यांचं घर आहे. त्यांचं नाव मी या पत्रात देत नाही. ते त्या फोटोखाली यायला हवं होतं.

मी गावातला फोटोवाला. १९८६ साली बसस्टँडसमोर स्टुडिओ टाकला, तो अजून चालू आहे. फोटो आला त्या दिवशी दुपारी हे काका कात्रण घेऊन दुकानात आले. वय चौऱ्याहत्तर, पाच एकर कोरडवाहू वावर, सगळा जन्म पऱ्हाटीत गेलेला. पेपरात फोटो येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. फ्रेम करून घ्यायला आले होते. काउंटरवर कात्रण पसरलं आणि बराच वेळ बोटानं त्याची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "बाबू, हे पाय बरं. हा मीच आहो का?"

मी चष्मा लावून पाहिलं. डोक्याला बांधलेला दुपट्टा स्वच्छ दिसत होता, त्याची लाल किनारसुद्धा. कापूस तर इतका छान आला होता की बोंडातली सरकी तेवढी मोजायची राहिली होती. दुपट्ट्याखाली मात्र काळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत, दाढीचे पांढरे खुंट नाहीत. काकू घरी म्हणाल्या होत्या म्हणे, "दुपट्ट्यावरून वयखलं म्या." काका मला म्हणाले, "मी काया आहो, ते मले ठाऊक आहे. पन इतका काया नाही."

संपादक महोदय, हे वाक्य पंधरा दिवस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून हे पत्र. ज्यांनी तो फोटो काढला त्या वार्ताहरावर माझा राग नाही. मोटरसायकलवर चाळीस-पन्नास किलोमीटर हिंडून, बातमी लिहून, फोटोही स्वतःच काढून पाठवणाऱ्या माणसाचे हाल मला माहीत आहेत. पण हा एकच फोटो असा नाही. मी आपल्या पेपरातले मागच्या तीन महिन्यांतले अंक दुकानातल्या गठ्ठ्यातून काढून पाहिले. वेचणीच्या बायांचा फोटो, टँकरच्या रांगेचा फोटो, पीकविम्यासाठी बँकेपुढं बसलेल्या लोकांचा फोटो. ज्या ज्या ठिकाणी माणूस उन्हात उभा आहे आणि रंगानं सावळा आहे, त्या त्या ठिकाणी चेहऱ्याच्या जागी काळोख आहे. पुढाऱ्यांचे फोटो तसे नाहीत. ते मंडपात असतात, लाइटात असतात, वर पांढरं कापड ताणलेलं असतं, त्यामुळं उजेड मऊ होऊन सगळीकडून सारखा येतो. कास्तकाराच्या डोक्यावर ते कापड नाही.

हे असं का होतं ते सांगतो. ते कळलं तर इलाज साधा आहे.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला माणूस कळत नाही. समोर जे काही आहे ते सगळं मिळून मध्यम राखाडी दिसावं, एवढाच हिशेब त्याला येतो. आमच्या धंद्यात त्याला अठरा टक्क्यांचा राखाडी म्हणतात. म्हणजे पडलेल्या उजेडापैकी अठरा टक्के उजेड परत फेकणारा रंग. आता समोर पांढरा कापूस, पांढरा सदरा आणि पांढरं आभाळ असलं की मीटर म्हणतं, फार उजेड झाला, कमी करा. कॅमेरा इमानेइतबारे कमी करतो. कापूस थोडा राखाडी होतो, आभाळ निळं होतं, आणि मुळात सावळा, त्यातून दुपट्ट्याच्या सावलीत असलेला चेहरा पार बुडतो. ऊन आणि सावली यांत साधारण आठ पटींचा फरक असतो. वरून चामडीचा स्वतःचा रंग कापसापेक्षा कितीतरी कमी उजेड परत देतो. इतका मोठा फरक आपला डोळा सहज पेलतो, कॅमेरा पेलत नाही. त्याला काहीतरी एक सोडावं लागतं. काय सोडायचं ते फोटो काढणाऱ्यानं ठरवलं नाही, तर मीटर ठरवतं, आणि मीटर चेहरा सोडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आभाळ सोडा. आभाळ पांढरंफटक झालं तर होऊ द्या. कापसाच्या ढिगातला एखादा कोपरा फोटोत जळाला, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा झाला, तर जळू द्या. वाचकाला कापूस पांढरा असतो हे माहीत आहे.

आम्ही रोल वापरत होतो तेव्हा ही अडचण इतकी नव्हती. निगेटिव्हला थोडा जास्त उजेड दिला तरी ती सांभाळून घ्यायची. ज्यांच्याकडे मी शिकलो ते उस्ताद सांगायचे, गड्यामाणसाचा फोटो काढताना एक घर जास्त उघड. एक घर म्हणजे एक स्टॉप, दुप्पट उजेड. रोल एसटीच्या पार्सलनं नागपूरच्या लॅबला जायचा, चौथ्या दिवशी पाकीट यायचं, आणि चेहरे चेहऱ्यासारखे यायचे. डिजिटलचं उलट आहे. जिथं पांढरं जळालं तिथं पुन्हा काहीच मिळत नाही, म्हणून नवी पोरं जळण्याला फार भितात. भीतीपोटी सगळा फोटोच अंधारात काढतात. मग संगणकावर उजळायला जावं तर चेहऱ्यावर रवा पसरल्यासारखे दाणे येतात.

इलाज सांगतो. कॅमेरा असेल तर मीटर 'स्पॉट'वर, म्हणजे एकाच ठिपक्याचा उजेड मोजण्यावर, ठेवावं आणि नेम चेहऱ्यावर धरावा. सावळ्या चेहऱ्यावर मोजल्यावर कॅमेरा त्याला राखाडीपर्यंत ओढून गोरा करू पाहतो, म्हणून त्यातून अर्धा-पाऊण स्टॉप परत कमी करावा, म्हणजे रंग खरा राहतो. एवढं करायला वेळ नसेल तर मी स्वतःचा तळहात त्याच उजेडात धरतो आणि त्यावर मोजतो. कोणत्याही माणसाचा तळहात राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, तेव्हा एक स्टॉप जास्त द्यायचा की झालं. मोबाइल असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवावं. दोन सेकंदांचं काम आहे. बहुतेक वार्ताहर मोबाइलवरच फोटो काढतात हे मला ठाऊक आहे. मोबाइल वाईट नाही, फक्त त्याला कोणाकडं पाहायचं ते सांगावं लागतं.

दुपारची वेळ टाळा, असं सगळे सांगतात. पण बातमी वेळ पाहून होत नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत माणसाच्या कपाळावर ऊन आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसतात. अशा वेळी मी माणसाला हलवत नाही, मी हलतो. जिथून त्याच्यामागं सावलीतली भिंत येईल तिथं जातो, म्हणजे मागचं पांढरं आभाळ फोटोतून जातं. किंवा खाली बसतो. आमची माती काळी, ती ऊन पिऊन टाकते, वर काही परत देत नाही. पण समोरून शाळेची पांढरी भिंत असली, खळ्यावर पसरलेली सोयाबीन असली, नुसतं खताचं रिकामं पांढरं पोतं पडलेलं असलं, तरी त्यावरून उजेड उसळून चेहऱ्याच्या खालच्या बाजूला येतो. हे पाहायची डोळ्याला सवय लावावी लागते.

मला ही सवय कापसानं लावली. मागच्या हंगामात एका वावरात सीतादहीच्या दिवशी गेलो होतो. पहिल्या वेचणीची पूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य झाला, बाया तासाला, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीला, लागल्या. सकाळी सव्वासातचं ऊन, पाठीमागून येणारं. म्हणजे फोटोवाल्याच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड, कारण चेहरा पूर्ण सावलीत आणि केसांभोवती पेटलेली कड. एक मावशी तासातून माझ्याकडे येत होत्या. अंगावर साडी, वरून घरधन्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला फडकं, कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी. ओटी निम्मी भरली होती. त्या वाकल्या की चेहरा कळत नव्हता, आणि सरळ झाल्या की हनुवटीखालून, गालाच्या हाडावरून, डोळ्यांच्या खोबणीपर्यंत मऊ उजेड चढत होता. मला कळेना की हा येतो कुठून. मग ध्यानात आलं, तो ओटीतल्या कापसाचा होता. पुढच्या तासावरचा, जमिनीवर ढीग करून ठेवलेला कापूसही तेच करत होता. उस्ताद म्हणायचे, खालून कधी उजेड टाकू नको, माणूस भुतासारखा दिसतो. एका बल्बचा टाकला तर दिसतोच. पण कापसाचा उजेड पसरट असतो, तो चेहऱ्यावर ओरखडा काढत नाही.

मी विचारलं, काढू का? त्या म्हणाल्या, "आता नका काढू जी, आंघोय नाही झाली अजून." मी कॅमेरा खाली केला आणि बांधावर बसलो. त्यांना पदराआडून हसू आलं. तासाभरानं त्यांनीच हाक मारली, "आता काढा, पन वेचता वेचता काढा, उभी नाही राहत मी." तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे. नखाखालची काळी रेघ, बोंडाच्या टोकदार पाकळीनं ओरबाडलेलं बोट, आणि डोळ्यांत दोन पांढरे ठिपके, म्हणजे ओटीतला कापूस. त्यांना मी त्याची प्रत दिली. ती त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी लावलेली आहे.

विचारून काढलेला फोटो कृत्रिम येतो, न विचारता काढला तरच तो खरा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझा अनुभव तसा नाही. विचारलं की माणूस ताठ होतो, हात मांडीला चिकटवतो, श्वास धरतो, हे खरं आहे. तेवढा एक फोटो काढून घ्यावा, तो त्याचा मान. मग कॅमेरा उतरवून गोष्टी कराव्यात, तुरीला भाव काय लागला, पोरगी कुठं दिली. दहा मिनिटांत माणूस आपल्या कामाला लागतो आणि कॅमेऱ्याला विसरतो. तेव्हा जो चेहरा दिसतो तो चोरून काढलेल्या फोटोत कधीच दिसत नाही, कारण चोरणारा घाईत असतो, आणि घाईत उजेड दिसत नाही.

आमच्या आठवडी बाजारात मी चौदा वर्षांपासून दर बाजाराला दोन तास फिरतो. जुना डीएसएलआर आणि त्यावर ५० मिलिमीटरची १.८ ची लेन्स, एवढंच सामान. ही लेन्स लहान आणि स्वस्त असते, अंधारात भरपूर उजेड घेते, आणि तिनं फोटो काढायला माणसाच्या जवळ जावं लागतं. लांबून ओढून घ्यायची सोय नाही, हे मला बरं वाटतं. बाजारातला उजेड शिकायचा म्हटला तर जन्म पुरत नाही. निळ्या ताडपत्रीखाली बसलेला कांदेवाला निळा दिसतो, पिवळ्या पालाखालची मिरचीवाली कावीळ झाल्यासारखी, आणि समोर लाल मिरचीचा ढीग असला तर हनुवटी लालसर. अशा वेळी पांढऱ्या कागदाचा तुकडा त्याच पालाखाली धरून कॅमेऱ्याला पांढरा कोणता ते दाखवून द्यावं, नाहीतर माणसाला निदान ताडपत्रीच्या कडेला, जिथं रस्त्याचा उजेड आत येतो, तिथं येऊ द्यावं. निंबाखाली न्हावी बसतो. तिथं पानांतून कवडसे पडतात, एक गाल जळतो, दुसरा बुडतो. पण त्याच्या हातातला आरसा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर उजेड फेकत असतो, त्या क्षणाची वाट पाहायची. संध्याकाळी विजेवरचे एलईडी बल्ब लागले की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि पोरं म्हणतात कॅमेरा बिघडला. कॅमेरा ठीक असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. तेवढ्या वेळात माणूस हलला तर फोटो हलतो, म्हणून तो पैसे मोजताना किंवा तराजूकडं पाहताना काढायचा, तेव्हा माणूस स्थिर असतो.

फ्लॅशबद्दल मात्र मला जरा जास्त लिहायचं आहे.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात, कनु गांधी राहत. गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव, नात्यानं नातू. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, त्यानंतर विशीतल्या या मुलाला फोटो काढायचा नाद लागला. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी परवानगी दिली, तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रमाचा पैसा त्यात जाणार नाही. मातीच्या भिंती, खाली झुकलेलं छप्पर, लहान दारं, त्या काळातले मंद रोल. एवढ्यात त्या माणसानं १९४८ पर्यंत गांधीजी टिपले. कित्येक फोटो हललेले आहेत, दाणेदार आहेत. पण त्यांत माणसं आपापल्या कामात आहेत. अवघड उजेडात फोटो काढण्याचं शिक्षण घ्यायला आपल्याला परदेशी पुस्तकं उघडायची गरज नाही, सेवाग्रामच्या त्या कुट्यांत तासभर बसून दारातून येणारा उजेड भिंतीवर कुठपर्यंत जातो ते पाहावं.

हे मला फार उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या गावात एका कास्तकारानं आत्महत्या केली. बाहेरून एक फोटोग्राफर आले होते, मी वाटाड्या म्हणून बरोबर गेलो. आतल्या खोलीत त्या कास्तकाराची बायको भिंतीला टेकून बसली होती. खोलीत अंधार होता. वर छपराच्या कवेलूंत एक काचेचं कवेलू होतं, त्यातून उजेडाचा हातभर पट्टा तिच्यापासून दोन हातांवर पडत होता. मागचं दार लावलेलं होतं. त्यांनी फ्लॅश मारला. तिनं डोळे मिटले. त्यांनी मागच्या पडद्यावर पाहिलं, पुन्हा मारला. पाच-सहा वेळा. तिनं प्रत्येक वेळी डोळे मिटले. मागच्या भिंतीवर तिच्या डोक्याची काळी सावली उमटत होती. मला धंद्याची अक्कल होती. मागचं दार उघडा, तिला सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसू द्या, किंवा आज राहू द्या, यांपैकी एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

दोन महिन्यांनी ती माझ्या दुकानात आली, मदतीच्या कागदांसाठी पासपोर्ट फोटो काढायला. मी स्टुडिओतले लाइट लावलेच नाहीत. दुकानाच्या दारात स्टूल ठेवला, रस्त्याकडं तोंड करून तिला बसवलं, समोरच्या भिंतीचा उजेड येत होता तेवढ्यात काढला. काढून झाल्यावर तिनं विचारलं, "डोये उघडे आले का जी?"

एक गोष्ट गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. चेहरा दिसू द्या म्हणजे चेहरा गोरा करा असं मी म्हणत नाही. ते पाप मी स्वतः वीस वर्षं केलं आहे. स्थळासाठी फोटो काढायला मुली यायच्या, बरोबर आई असायची, आणि आई हळूच सांगायची, जरा उजळ करून द्या. मी पावडर लावायला सांगायचो, लाइट वाढवायचो, पुढं संगणक आला तेव्हा रंगच बदलायचो. मग पाहायला आलेले लोक फोटो आणि मुलगी यांची तुलना करायचे. मी ते बंद केलं. आता मोबाइल न विचारताच ते करतात, गाल गुळगुळीत, रंग फिका. हा दोष जुना आहे. पूर्वी कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना द्यायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. शर्ली कार्ड त्याचं नाव. कितीतरी वर्षं गोरी कातडी नीट आली म्हणजे छपाई नीट, असा तो हिशेब होता. वेगवेगळ्या रंगांच्या बायांचं कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं. काकांच्या चेहऱ्याचा रंग ओल्या मातीचा आहे. तो तसाच यावा. त्यात डोळे, सुरकुत्या, कपाळावरची जुनी खोक दिसावी, इतकंच.

आता आपल्या कार्यालयाकडून काय व्हावं, ते. पेपरचा कागद शाई शोषतो, छपाईचा प्रत्येक ठिपका पसरतो आणि मधल्या छटा गडद होतात. पडद्यावर जो चेहरा जेमतेम दिसतो तो कागदावर दिसणारच नाही. पान लावणाऱ्या मंडळींनी गर्दीच्या फोटोत एकदा चेहऱ्यांकडं पाहून मधल्या छटा थोड्या उचलाव्यात. दुसरं, वार्ताहर फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात, त्यात तो आकसतो आणि अंधारातला तपशील आधी जातो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. आणि माणूस एकटा असेल, इतका जवळून काढलेला असेल, तर त्याला नाव विचारावं आणि खाली छापावं. त्याला ते नको असेल तर तो सांगेल. रांगेत तीन दिवस उभं राहणाऱ्याकडं नाव सांगायला वेळ असतो. माझ्यासारखे जुने फोटोवाले प्रत्येक तालुक्यात आहेत, धंदा मंदावल्यामुळं बरेच जण मोकळेच बसलेले असतात. आपल्या वार्ताहरांना कोणी दोन तास बाजारात घेऊन फिरायला सांगितलं तर आनंदानं फिरतील. आमच्या भागात मी फिरेन, त्याचे पैसे घेणार नाही.

मागच्या शुक्रवारी मी काकांच्या घरी गेलो. ते कात्रण त्यांनी फ्रेम केलं नाही, गाठोड्यात ठेवून दिलं आहे. दुपारचे चार वाजले होते. ते सपरीत बसून अंबाडीचा दोर वळत होते, दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. मी म्हटलं, काका, फोटो काढायचा आहे. त्यांनी दुपट्टा सोडून पुन्हा नीट बांधला, ताठ बसले, पहिला फोटो तसा झाला. मग मी उंबऱ्यावर टेकलो. काकूंनी चहा आणला. सपरी खोल आहे, अंगणात ऊन, समोरच्या घराला नुकताच चुना मारलेला. त्या चुन्याचा उजेड रस्ता ओलांडून आत येत होता. काकांनी चहा संपवला, बशी बाजूला ठेवली आणि दोर पुन्हा हातात घेतला. त्यांना नातवाचं काहीतरी आठवलं, मान वर करून ते रस्त्याकडं पाहू लागले. अंगणातलं ऊन मी पार जळू दिलं. कॅमेऱ्यावर १/२५० सेकंद, एफ-२.८, आयएसओ ४००. अकरा फोटो काढले, नववा चांगला आला.

तो फोटो सोबत मोठ्या आकारात पाठवतो आहे. पाकिटात प्रत आहे, आणि मूळ फाइल आपल्या ईमेलवर पाठवली आहे. काकांना विचारून पाठवतो आहे. मागच्या बाजूला त्यांचं नाव, गाव आणि किती एकर कापूस आहे ते त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. छापायचं ठरलं तर काळजी एवढीच घ्या की छपाईत तो पुन्हा गडद होऊ नये. आणि त्या दिवसाचे पाच अंक जास्तीचे एजंटाकडं पाठवा, त्यांच्या दोन लेकी बाहेरगावी दिल्या आहेत. अंकांचे पैसे मी एजंटाला देईन.

आपला,
बसस्टँडसमोरचा फोटोवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ